वायरमनला कागद विचारू नये

घरात वायरिंगचं काम काढलंय? मग माझ्या अनुभवाचे चार शब्द ऐका.

परवाना विचारू नका. चहा घेतलेल्या माणसाला कागद मागणं बरं दिसत नाही.

विमा तर नकोच. "शिडीवरून पडलास तर काय?" असं मी विचारलं, तर "काका, सकाळी सकाळी शुभ बोला की!" म्हणाला. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सारखी पडते? काढून टाका. 30 मिलीअँपिअर गळतीला कोण घाबरतं!

एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर मोठी बसवून घ्या. आमच्याकडे 3000 वॉटचा गीझर आणि 2000 वॉटची इंडक्शन शेगडी एकाच दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर होती. दोन्ही लावली की 16 अँपिअरची एमसीबी पडायची. आमच्या माणसाने 32 ची ठोकली आणि ऐटीत म्हणाला, "आता बघा पडते का." नाही पडली. पडणार कशी? वायर तापायच्या आत वीज तोडायची हे तिचं काम, आणि तेच त्याने काढून घेतलं. तीन आठवड्यांनी बाथरूमबाहेरचा जॉइंटचा डबा वितळून भिंतीवर ओघळला. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला परवाना लागत नाही, पण सर्किटची क्षमता बदलत नसेल तरच! बाकी काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं, हे 1956 च्या वीज नियमांत 45 व्या कलमात होतं, 2010 च्या नियमांत 29 व्या कलमात आलं, 2023 च्या नियमांतही आहे. 16 चं 32 करणं म्हणजे बल्ब बदलणं नव्हे, गाढवा!

असो. सल्ला चालू ठेवू.

अर्थिंगची वायर नसेल तर सॉकेटच्या अर्थच्या पिनला न्यूट्रलचाच (वीज परत नेणाऱ्या वायरचाच) तुकडा जोडून घ्या. खर्च शून्य.

बिल मागू नका. डबा वितळल्यावर घरविम्याचा सर्व्हेअर आला, त्याने पहिलंच विचारलं, "काम कोणी केलं? लायसन्स नंबर?" मी वायरमनला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर.

आणि सही विकणाऱ्या ठेकेदारसाहेबांचे आभार मानायला विसरू नका. मीटरसाठी वायरिंग तपासल्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो ना? कोरा फॉर्म, शिक्का आधीच मारलेला, फक्त तुमचं नाव घालायचं. घर बघायला कशाला यायचं?

मागच्या गुरुवारी आई म्हणाली, "अरे, नळ चावतोय." मी हसलो. मग टेस्टर लावला, तर नळावर पेटला. कुठेतरी न्यूट्रल सुटला होता आणि न्यूट्रलच्या त्या तुकड्यावरून फेज (जिवंत वीज) गीझरच्या अंगावर उतरला होता. पंचाहत्तर वर्षांची बाई, ओल्या हातांनी.

हजारभर रुपये वाचवले होते मी. लाज वाटते. तुम्हालाही वाटू द्या, कारण तुमचाही माणूस "शेजारच्या बिल्डिंगमध्ये केलंय त्याने" एवढ्याच ओळखीवर आलाय. आणि शिक्केवाल्यांनो, तो परवाना रीतसर मिळवलात ना? मग ज्या घराच्या रिपोर्टखाली सही करता त्याचा जिना एकदा तरी चढा. निर्लज्ज कुठले.