गोंडस कुत्र्यामांजरांच्या जाहिरातींविषयी, थोडे गांभीर्याने

२००३ साली हचच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागेमागे चालणारा पग आपल्यापैकी अनेकांना आजही आठवत असेल. त्या जाहिरातीला विकायचे होते मोबाइलचे नेटवर्क. पण तिच्यानंतर पगची मागणी इतकी वाढली की लोक या जातीला 'हचचा कुत्रा' म्हणूनच ओळखू लागले. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते शरीर थंड ठेवते आणि चपट्या तोंडाच्या, अरुंद श्वासमार्गाच्या पगला नेमके तेच नीट जमत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात अशा कुत्र्याचे काय हाल होतात, हे तिथल्या कोणत्याही पशुवैद्याला विचारावे.

तेव्हा एका जाहिरातीने जे घडवले, ते आता इन्स्टाग्रामवर रोज घडते आहे. शेरवानी घातलेला पग रिंगलाइटसमोर बसवलेला असतो, शेजारी खाऊचे पाकीट असते आणि खाली शेकडो लोक 'किती गोड हसतोय' असे लिहितात. ती रील आवाज बंद करून पुन्हा पाहावी. कान मागे ओढलेले, डोळ्यांच्या कडेला पांढरे दिसणारे, समोर खायला काही नसताना जीभ सारखी नाकावरून फिरणारी, मधूनच जांभई. या बहुतेकदा ताणाच्या खुणा असतात. ज्याला आपण हसू समजतो, ती अनेकदा धाप असते.

स्कॉटिश फोल्ड मांजरांची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. त्यांचे दुमडलेले कान ज्या जनुकामुळे तयार होतात, तेच जनुक शरीरातल्या इतर कूर्चाही (मऊ, लवचिक हाडेही) बिघडवते आणि सांधे दुखू लागतात. म्हणजे ज्या रूपावर आपण भाळतो, ते रूप हाच आजार आहे. अमेरिकेतल्या ग्रम्पी कॅटचा जगप्रसिद्ध रागीट चेहराही जन्मजात व्यंगातूनच आला होता. २०१२ मध्ये तिचे छायाचित्र पसरले, पुढच्याच वर्षी ती मांजरखाद्याच्या जाहिरातीत आली आणि २०१९ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, मूत्रमार्गाच्या संसर्गानंतरच्या गुंतागुंतीने गेली.

जाहिरात असल्याचे इन्फ्लुएन्सरने स्पष्ट सांगावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे आपल्याकडे २०२१ मध्ये आली आणि ती योग्यच आहेत. पण ती ग्राहकाला जपतात. चित्रपटात प्राणी वापरायचा असेल तर २००१ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडे माहिती द्यावी लागते. दिवाणखान्यात मोबाइलवर चित्रित होणाऱ्या, पण पैसे घेऊन केलेल्या रीलकडे मात्र त्या नजरेने कोणी पाहत नाही. पैसे घेतले की ते काम झाले, मग ते घरात होवो वा स्टुडिओत, असे माझे ठाम मत आहे.

रस्त्यावरच्या देशी पिल्लांना घर मिळवून देणारी खातीही आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. माझी मागणी जाहिरात देणाऱ्या कंपन्यांकडे आहे: चपट्या तोंडाच्या आणि दुमडलेल्या कानांच्या जाती जाहिरातींसाठी घेऊ नयेत, प्राण्यांना कपडे चढवू नयेत आणि प्राणी उठून निघून गेला की चित्रीकरण तिथेच थांबेल, ही अट करारातच लिहावी.