टपावर बेतलं

घरातला कर्ता माणूस तोंडात टॉर्च धरून टेबलाखाली रांगताना दिसला, तर इतर घरांत लोक घाबरून विचारतील, "काय झालं?" आमच्या घरी विचारतात, "आज काय उडालं?"

त्या दिवशी स्टिअरिंग उडालं होतं. सतरा मिलिमीटर व्यासाचं, काळं, मधल्या दांड्या शेवयांहून बारीक. चिमट्यात छान धरलं होतं. चिमटा केसभर जास्त दाबला गेला, टिक् असा आवाज झाला आणि स्टिअरिंग अंतर्धान पावलं. उडालेला भाग कुठे पडला हे आवाजावरून कळतं, असं मला पूर्वी वाटायचं. आता अनुभवाने माहीत आहे की आवाज पूर्वेकडून येतो, भाग पश्चिमेला पडलेला असतो आणि शेवटी तो सापडतो आपल्याच गुडघ्याखाली, दोन तुकड्यांत. या वेळी तर गुडघ्याखालीही नव्हता.

मी हॉट रॉड बनवतो. प्लास्टिकच्या, एकास पंचवीस मापाच्या. हे सांगितल्यावर एका पाहुण्यांनी मोठ्या कौतुकाने विचारलं होतं, "अरे वा! पाणी किती वेळात तापतं?" त्यामुळे थोडं मागे जाऊन सांगावं लागतं.

१९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या काही पोरांकडे पैसा नव्हता आणि धीर तर त्याहून नव्हता. जुनी फोर्ड स्वस्तात मिळायची. तिचे मडगार्ड काढ, बंपर काढ, बॉनेट काढ. जे काढल्यावरही गाडी चालते ते मुळात नकोच होतं, हा त्यांचा सिद्धांत. मग ती उघडीबोडकी गाडी म्यूरॉक, एल मिराज अशा आटलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात न्यायची आणि जीव खाऊन पळवायची. हीच हॉट रॉड. १९३७ मध्ये तर रीतसर घड्याळ लावून वेग मोजायला 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' उभी राहिली. या मंडळींची सगळ्यांत लाडकी गाडी म्हणजे १९३२ची फोर्ड. त्या वर्षी फोर्डने साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचं, ६५ अश्वशक्तीचं 'फ्लॅटहेड', म्हणजे सपाट माथ्याचं, इंजिन बसवलं होतं. सालातल्या शेवटच्या आकड्यावरून तिला 'ड्यूस' म्हणतात. ड्यूस म्हणजे पत्त्यांतली दुर्री. मी तिला दुर्रीच म्हणतो.

म्हणजे मूळ कल्पना अशी की नको ते काढून फेका आणि सुसाट जा. माझी दुर्री खोक्यातून शंभरावर सुट्या भागांत येते. मी ते एकेक करून जोडतो, आणि ती कुठेच जात नाही.

त्यात या छंदाला एक जुनी खोड आहे. १९५८ मध्ये एएमटी या अमेरिकन कंपनीने 'एकात तीन' अशी खोकी काढली. त्याच भागांतून गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी बांधा, नटवून बांधा, नाहीतर शर्यतीची बांधा. कल्पना झकास. पण गाडी शेवटी एकच होते आणि उरलेल्या दोन गाड्यांचं सामान तुमच्या गळ्यात पडतं. ते कोणी टाकत नाही. माझ्याकडे आज घडीला अकरा कार्बोरेटर, सहा डावे आणि दोन उजवे सायलेन्सर, आणि कशाचा आहे ते ठाऊक नसलेला एक दांडा इतका ऐवज डब्यात आहे. "हे कशाला ठेवलंय?" या प्रश्नाला माझं एकच उत्तर असतं, "लागेल."

तर, मुद्दा टपाचा. जुन्या हॉट रॉडवाल्यांनी गाडीचा टप उतरवायला सुरुवात केली, कारण उभट गाडी वारा अडवते. खिडक्यांच्या खांबांतून तीनेक इंचांचा पट्टा कापायचा, टप खाली आणायचा, पुन्हा जोडायचा. पुढे वाऱ्याचं निमित्त मागे पडलं आणि भुवया चढवल्यासारखा तो चेहराच लोकांना आवडू लागला. मलाही आवडला. तीन इंचांना पंचविसाने भागलं. तीन मिलिमीटर! पट्टीवर तीन रेघा! एवढ्याशा कामाला काय लागतं, असं म्हणून मी एका रविवारी सकाळी बसलो.

कोणता रविवार ते विचारू नका. त्यानंतर बरेच झाले.

पहिली गोष्ट, करवतीचं पातं स्वतःही जागा खातं. ते फेकायच्या तुकड्याच्या बाजूने चालवायचं असतं. मी डावीकडे तसं चालवलं आणि उजवीकडे, हाताची पकड बदलल्यामुळे, ठेवायच्या बाजूने. परिणामी डावा खांब तीन मिलिमीटरने उतरला, उजवा साडेतीनने. अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो पंचविसाने गुणून बघावा. गाडी एका बाजूला सव्वा सेंटिमीटर कलली होती. तिला काहीतरी शंका आली आहे असं दिसत होतं.

मग मी डावा खांब थोडा घासला. थोडा जास्त घासला गेला. मग उजवा घासला. दोन मांजरांना लोणी वाटून देणाऱ्या माकडाची गोष्ट लहानपणी ऐकली होती. तेव्हा मला माकड लबाड वाटायचं. आता वाटतं, बिचाऱ्याचा हेतू शुद्ध असावा, तराजूच तसा होता. दुपारपर्यंत दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या झाल्या आणि टप साडेपाच मिलिमीटरने खाली आला. खऱ्या मापात जवळजवळ साडेपाच इंच. खिडक्या टपालपेटीच्या फटीएवढ्या उरल्या.

दुसरी गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. खांब सरळ उभे नसतात, वर जाताना आत झुकतात. त्यामुळे टप खाली आणला की वरचे खांब खालच्या खांबांवर बसतच नाहीत, आत पडतात. मोठ्याच्या अंगावर धाकट्याची टोपी. उपाय एकच, टपाचे उभे-आडवे कापून चार तुकडे करायचे, ते लांब सरकवायचे आणि मध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या भरायच्या. म्हणजे तीन मिलिमीटर कमी करण्यासाठी मी अख्खा टप चिरून मोठा केला. हे मी बायकोला समजावून सांगत असताना तिने फक्त एकदा माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

त्यानंतर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की घासायची. प्रायमर मारला की खड्डे दिसतात. पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. ४००चा पॉलिशपेपर, ६००चा, १०००चा, पुढे २०००चा, पाण्यात बुडवून, बोटांची टोकं पार पांढरी पडेपर्यंत. एकदा फोन अनलॉक होईना. मशीनला माझं बोट ओळखू येत नव्हतं. दारात उभी असलेली माझी खरी गाडी दोन महिने धुतलेली नव्हती, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

काचांबद्दल थोडक्यात. खोक्यातल्या काचा अर्थातच बसेनात. पॅकिंगच्या पारदर्शक प्लास्टिकमधून नव्या कापल्या आणि घाईत सुपरग्लूने चिकटवल्या. त्याची वाफ काचेवर बसली की पांढरं धुकं धरतं, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि हात थांबणं यांत फार अंतर आहे. काचा दुसऱ्यांदा कापल्या.

रंगाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे माणसाचं चारित्र्य कळतं. मला हवा होता कँडी लाल. हा साधा लाल नव्हे. आधी चकचकीत चंदेरी अस्तर, त्यावर पारदर्शक लाल रंगाचे पातळ हात. प्रत्येक हाताला रंग खोल होत जातो, आणि कुठे एक हात जास्त पडला की तिथे डाग काळवंडतो. म्हणजे सगळीकडे सारखंच पडायला हवं, आणि सारखं करण्यातलं माझं कौशल्य तुम्ही टपात पाहिलंच आहे. रंगाचा डबा कोमट पाण्यात ठेवला, की फवारा मऊ पडतो. हवा दमट नको, नाहीतर रंग दुधाळ होतो. धूळ नको म्हणून न्हाणीघरात फवारायचं, आणि तेवढा वेळ घरातल्या बाकीच्यांनी निसर्गाला थांबवून धरायचं.

पाच हात दिले. अप्रतिम! सहाव्यानंतर मांजराचा एक केस अलगद तरंगत आला आणि बॉनेटवर विसावला. आमच्याकडे मांजर नाही. केस दोन सेंटिमीटरचा. पंचवीसने गुणा! गाडीवर अर्ध्या मीटरची दोरी पडली होती. तो तसाच वाळू द्यायचा असतो, नंतर घासून काढता येतो, हे सगळी पुस्तकं सांगतात. मी चिमटा घेतला. केस निघाला, पण तोल सावरायला मी जो अंगठा टेकला तो दरवाजावर टेकला. खऱ्या मापात ३७ सेंटिमीटर रुंदीचा तो ठसा होता, रेषा अशा की नांगरलेलं शेत. शिकून-सवरून अंगठाबहाद्दर ठरलो.

पुढचे दोन आठवडे मी रंग वाळण्याची वाट पाहिली, घासला, पुन्हा फवारला. मधल्या काळात मन रमवायला इंजिनाच्या वायरी केल्या. आठ प्लगना आठ वायरी, कॉइलची एक. प्लगना वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर हरभऱ्याहून लहान, त्यात नऊ भोकं. फ्लॅटहेडचा फायरिंगचा क्रम, म्हणजे कोणत्या सिलिंडरमागून कोणत्यात ठिणगी पडते तो, १-५-४-८-६-३-७-२. तो क्रम मी काटेकोर पाळला. दोन रात्री लागल्या. हे इंजिन कधीही सुरू होणार नाही याची मला पूर्ण कल्पना आहे. पण झालंच, तर मिसफायर होता कामा नये. खऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा दीड महिन्यापासून लागलेला आहे. तो कशाचा, ते बघायला हवं.

स्टिअरिंगचं काय केलं? डब्यात दुसरं मिळालं. "लागेल" म्हणून ठेवलेली वस्तू खरोखर लागण्याची ही आठ वर्षांतली पहिलीच वेळ. मी ते डबा आदळून सगळ्यांना दाखवलं.

गाडी झाली. याच छंदातले एक ज्येष्ठ गृहस्थ बघायला आले. भिंग काढून त्यांनी पाच मिनिटं टप न्याहाळला, मग म्हणाले, "फार धाडसाने उतरवलात. तीन इंचांवर सगळेच थांबतात." मी खाली बघत "हं" म्हणालो. लोणी कुणी खाल्लं हे माकड सांगत नाही.

वाढदिवसाला मुलीने एक छोटी पुडी दिली. आत एकास पंचवीस मापाचा ड्रायव्हर! बसलेला, हात पुढे, मुठी वळलेल्या, तोंडावर समाधान. मला भरून आलं. लगेच बॉडी उचलून त्याला सीटवर बसवला आणि बॉडी परत ठेवली. ती बसेना. टप त्याच्या डोक्यावर टेकत होता आणि गाडी चाकांपासून बोटभर वर तरंगत होती. सीट काढून बसवला, तरी कपाळ काचेत. मी भिंग लावून त्याची मान बघू लागलो. नुसती बघत होतो.

"बाबा," मुलगी म्हणाली, "त्याचा टप उतरवू नकोस हं."

म्हणून तो बाहेरच बसला, फळीवर, गाडीच्या शेजारी, हवेत मुठी धरून. गेल्या मंगळवारी बुटात पाय घातला तर अंगठ्याला काही टोचलं. स्टिअरिंग! अख्खं, एक दांडीही न मोडलेलं. मुलीने माझ्या हातातून घेऊन ते त्याच्या मुठींत अडकवलं. चपखल बसलं. आता तो स्टिअरिंग घट्ट धरून, समोर नजर लावून, गाडीबाहेर बसलेला असतो.

बायको फळी पुसताना थांबली. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा अगदी तुझ्यावर गेलाय."