हाताचे पैसे लावलेस का?

आत्ताच एका बक्षीस समारंभाहून आले. पर्स अजून खांद्यालाच आहे. डोकं शांत व्हायची वाट बघितली तर हे लिहून होणार नाही, म्हणून लगेच लिहितेय.

हलाखीत वाढलेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या मुलामुलींसाठी उद्योजकतेची स्पर्धा होती. मी परीक्षक होते. तीन मिनिटांत आपला धंदा मांडायचा. पोरांनी मांडलाही झकास. मग प्रमुख पाहुणे उठले. ‘नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा.’ टाळ्या. ‘धोका पत्करा. पडा, पुन्हा उठा.’ आणखी टाळ्या. तेवढ्यात मागच्या रांगेतला, मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा उभा राहिला. “सर, पडलो तर उठेपर्यंत घर कोण चालवणार?”

पाहुणे हसले. म्हणाले, असा नकारात्मक विचार करणारे पुढे जात नाहीत. मुलगा मुकाट्याने खाली बसला.

अहो, अख्ख्या दुपारात धंद्याचा म्हणावा असा तो एकच प्रश्न होता!

तिथे बसल्या बसल्या मला माझी एक विद्यार्थिनी आठवली. बॅगा शिवायची. शिलाई अशी की बॅग उलटी करून दाखवावी. मी तिला काय शिकवलं? व्यवसायाचा आराखडा. बाजारपेठेची पाहणी. लोगो. पाच वर्षांनी तू कुठे असशील त्याचं चित्र काढ, हेही. तिला ३०० बॅगांची पहिली मोठी ऑर्डर मिळाली तेव्हा आम्ही वर्गात टाळ्या वाजवल्या. कापड, अस्तर, चेन सगळं तिने उधारीवर उचललं, रात्री जागून माल वेळेवर दिला. घेणाऱ्याने पैसे द्यायला तीन महिने लावले आणि चेन नीट सरकत नाही म्हणून बिलातून कापले ते वेगळेच. कापडवाला कशाला थांबेल? मशीन विकून त्याचे पैसे भागवले तिने.

‘आधी ॲडव्हान्स घे, मग कापड कापायला घे’ हे एक वाक्य मी तिला सांगितलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. मी पगारावर जगलेली बाई, महिन्याच्या महिन्याला पैसे खात्यात येतात. उधारी कशी वसूल करायची ते मी कुठून शिकवणार होते?

धोका पत्करा म्हणे! ही पोरं जन्मल्यापासून धोक्यातच आहेत. घरात एक आजारपण आलं की गल्ला रिकामा होतो. पडून उठण्याच्या गोष्टी ज्यांना सांभाळून घ्यायला घर आहे, जमीन आहे, दोन-चार ओळखीपाळखी आहेत, त्यांनी आपसात सांगाव्यात. ज्याचं आजचं भांडवल म्हणजेच उद्याचं घरखर्चाचं पाकीट, त्याला व्यासपीठावरून हे सांगायला जीभ कशी रेटते?

पाहुण्यांच्या स्लाइडवर गरिबांना छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक उभारणाऱ्या मुहम्मद युनूस यांचा फोटोही होता, २००६ चं शांततेचं नोबेल वगैरे. पण १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोबरा गावात त्या माणसाने सुरुवात केली ती खिशातून. सावकाराच्या कचाट्यातल्या ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले. आज आमच्या मुलांना काय मिळालं? प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो. (अशा छोट्या, ‘सूक्ष्म’ कर्जाने सगळ्यांची गरिबी हटली नाही, ठाऊक आहे मला. त्यावर वाद नको.)

आत्मविश्वास लागतो, हेही मान्य. टोगो देशात १५०० छोट्या व्यावसायिकांवर अभ्यास झाला होता, २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वतःहून पुढाकार घ्यायला शिकवलं त्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला, नेहमीच्या व्यवस्थापनाच्या धड्यांनी मात्र तसा ठोस फरक दिसला नाही. म्हणजे मनाची तयारी कामाची आहे, बरं. पण ते सगळे आधीच धंदा करणारे लोक होते, आणि अडचणी आधीच हेरून तयारीत राहणं हा त्या शिकवणीचाच भाग होता. आज त्या मुलाने दुसरं काय केलं होतं? त्याने अडचण हेरली, तर त्याला नकारात्मक ठरवलं.

आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. मगाशी सांगितली नाही ती एक गोष्ट सांगते.

मशीन विकल्यावर ती मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली होती. “ताई, कुठे चुकलं ते बघा ना.” कापड, अस्तर, चेन, दोरा, मशीनचं तेल, अगदी मोडलेल्या दोन सुयाही लिहिलेल्या. अक्षर सुरेख, बेरजा बरोबर. फक्त मजुरीची ओळ नव्हती. मी विचारलं, तर म्हणाली, “हात माझेच होते ना ताई, त्याचे कसले पैसे लावायचे?”

मला उत्तर देता आलं नाही. ते पान मी बराच वेळ बघत बसले होते.

ती आता एका कारखान्यात शिवणकामाला जाते. पगार वेळेवर होतो, धाकट्या भावाचं शिक्षण त्यावर चाललंय. आजच्या पाहुण्यांच्या लेखी ती ‘नोकरी मागणारी’. माझ्या लेखी त्या घरात तिच्याइतका हिशेबी माणूस दुसरा नाही. सुट्टीच्या दिवशी कारखान्यातल्या मैत्रिणीच्या मशीनवर बॅगा शिवते, थोड्याच. निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय कात्री लावत नाही. हे तिला कुणी शिकवलं नाही, मशीन गेलं तेव्हा ती शिकली.

कार्यक्रम संपल्यावर मोबाइलवाल्या मुलाला शोधत गेले, तो निघून गेला होता. आयोजकांकडून नंबर मिळवलाय, उद्या फोन करणार आहे.

पुढच्या महिन्यात माझा नवा वर्ग सुरू होतोय. पहिला तास उधारीचा. तुमच्यापैकी कुणी स्वतः धंदा केला असेल, बुडालेले पैसे दारात उभं राहून वसूल केले असतील किंवा गिऱ्हाइकाला तोंडावर ‘नाही’ म्हटलं असेल, तर या. एक तास द्या. भाषण नको, स्लाइड नको. येताना तुमची जुनी हिशेबाची वही तेवढी आणा.