हॉटेल शोधण्याआधी स्टेशनची लिफ्ट शोधा

या मे महिन्यात आईला घेऊन लंडनला गेले होते. आई 74 वर्षांची, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बरोबर माझी नऊ वर्षांची लेक, आणि सामान म्हणाल तर दोन मोठ्या बॅगा, एक केबिन बॅग आणि आईची खांद्याची पिशवी जी ती कोणाच्याही हातात देत नाही. दादा मँचेस्टरला असतो, त्याच्याकडे जायच्या आधी तीन दिवस लंडन बघायचं असं ठरलेलं. तर दादा-वहिनी दोघांचंही एकच पालुपद, हीथ्रो विमानतळावरून सरळ टॅक्सी कर, आईला ट्रेनची दगदग नको. फॅमिली ग्रुपवर मावशीनं, आत्यानं पण तेच लिहिलं. मी आईला ट्रेननेच नेलं, आणि आई हॉटेलवर पोचल्यावर पहिलं वाक्य बोलली ते म्हणजे "अगं, एक पायरीसुद्धा चढावी लागली नाही". त्या वाक्यासाठीच ही पोस्ट लिहितेय, कारण हल्ली ओळखीतले कितीतरी जण आईवडिलांना घेऊन बाहेर जातायत आणि प्रत्येक जण मला विचारतो की ट्रेन करू का टॅक्सी.

हे मला आधीपासून कळत होतं असं नाही. काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी एकटी गेले होते, तेव्हा मध्य लंडनमधल्या एका जुन्या स्टेशनाजवळ हॉटेल घेतलं होतं. नकाशावर हॉटेल अगदी स्टेशनच्या दारात, मी खूश. विमानतळावरून थेट गाडी, बदलायची पण नाही. पण उतरल्यावर कळलं की प्लॅटफॉर्मपासून लिफ्टपर्यंतच जायला पायऱ्या आहेत, आणि मग एक-एक पायरी बॅग आपटत वर, मागे माणसांची रांग, सगळे घाईत. एका माणसानं न विचारता बॅगेची दुसरी बाजू उचलली, त्याचा चेहरा अजून आठवतो. वर आल्यावर हाताला वळ उठले होते. तेव्हा मी चाळिशीच्या आतली, धडधाकट होते. त्या जिन्यावर आई असती तर काय झालं असतं हा विचार या वेळी तिकिटं काढताना सतत डोक्यात होता.

तर या वेळी उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी हॉटेल बघितलंच नाही. लंडनच्या ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, एक वेगळा नकाशा मिळतो, पायऱ्या न चढता कुठल्या स्टेशनवर जाता येतं तो दाखवणारा. नेहमीच्या नकाशावर पण व्हीलचेअरची खूण असते, फक्त आपण ती आपल्यासाठी नाहीच असं समजून बघत नाही. निळ्या गोलातली पांढरी खुर्ची म्हणजे रस्त्यापासून थेट डब्याच्या आतपर्यंत पायरी नाही, आणि पांढऱ्या गोलातली निळी खुर्ची म्हणजे प्लॅटफॉर्मपर्यंत पायरी नाही पण गाडीत चढताना फट किंवा उंची असू शकते. 272 स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांशच स्टेशनं अशी आहेत. कारण सरळ आहे, ती बांधली तेव्हा कोणी याचा विचार केला नव्हता. लंडनची पहिली भुयारी रेल्वे 1863 ची. हीथ्रोला जाणारी पिकॅडिली लाइन 1906 ची, आणि त्या लाइनवर पहिला सरकता जिना बसला तो 1911 मध्ये, अर्ल्स कोर्टला. इतक्या खोल, इतक्या अरुंद जुन्या बोगद्यांमध्ये आज नवीन लिफ्ट घालायची म्हणजे वरच्या इमारती सांभाळून नवीन विहीर खणण्यासारखं काम आहे. त्यामुळे जुनी स्टेशनं तशी आहेत याचा मला राग नाही, पण कुठलं कसं आहे हे बुकिंग करताना कळायला हवं ना. हॉटेलच्या साइटवर "स्टेशनपासून चालत पाच मिनिटं" एवढंच लिहितात. ती पाच मिनिटं मोकळ्या हातानं चालणाऱ्या माणसाची असतात.

आता हीथ्रोवरून आत यायचे तीन मार्ग आहेत. पिकॅडिली लाइन सगळ्यात स्वस्त, मध्य लंडनपर्यंत माणशी सहा पौंडांच्या आसपास, वेळ तासभर लागतो. दुसरी एलिझाबेथ लाइन, तिकीट त्याच्या दुपटीहून जास्त पण वेळ बराच कमी. तिसरी हीथ्रो एक्सप्रेस, पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन स्टेशन, पण पूर्ण तिकीट 25 पौंडांच्या आसपास, आणि पॅडिंग्टनलाच संपते, पुढे परत बॅगा घेऊन दुसरी गाडी नाहीतर टॅक्सी. ज्यांचं हॉटेल पॅडिंग्टनलाच आहे त्यांनी ती जरूर घ्यावी, इतरांसाठी ती पंधरा मिनिटं पुढच्या बदलाबदलीत जातात असं माझं मत.

पिकॅडिलीला मी नावं ठेवणार नाही. 1977 मध्ये ती हीथ्रोच्या मधल्या टर्मिनलपर्यंत पोचली, आणि तिचे डबे बनवताना विमानतळाच्या प्रवाशांचा विचार करून दारांजवळ बॅगांसाठी जास्त जागा सोडलेली आहे, फक्त एसी नाही आणि गर्दीच्या वेळी मध्येच चढणाऱ्यांना ती जागा मिळत नाही. तिचा एक फायदा फार कमी लोक सांगतात. व्हिक्टोरियाच्या बाजूला हॉटेल असेल तर हॅमरस्मिथला उतरायचं, त्याच प्लॅटफॉर्मच्या समोरच्या बाजूला डिस्ट्रिक्ट लाइनची गाडी येते, बॅग घेऊन चार पावलं चालायचं आणि दुसऱ्या गाडीत बसायचं, जिना नाही, लिफ्ट नाही, काही नाही. हे ज्याला माहीत नसतं तो पुढे कुठल्यातरी मोठ्या स्टेशनवर उतरून बोगद्यांमधून फिरत बसतो.

आम्ही एलिझाबेथ लाइन घेतली. फॅरिंग्डनच्या जवळ, बार्बिकनच्या बाजूला हॉटेल घेतलं, थोडं महाग पडलं पण टॅक्सीचे पाऊणशे-शंभर पौंड वाचणार होते ते तिकडे लावले. टर्मिनल 2 पासून स्टेशनपर्यंत चालायला बरंच आहे, आम्हाला आईच्या चालीनं पंधरा मिनिटांच्या वर लागली, पण सगळा रस्ता सपाट, मध्ये सरकते पट्टे, खाली जायला मोठ्या लिफ्ट. तिकिटाच्या रांगेत उभं राहायची गरजच नाही, आपलं टॅप करायचं बँकेचं कार्ड चालतं, फक्त प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं कार्ड लागतं आणि जे कार्ड आत जाताना टॅप केलं तेच बाहेर येताना करायचं. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर तिकीट नाही. आणि बॅगा असतील तर शेवटचं रुंद गेट वापरायचं, अरुंद गेटमध्ये मोठी बॅग अडकते आणि माणूस पलीकडे, बॅग अलीकडे अशी पंचाईत होते.

गाडी बघून आई थक्क झाली. दोनशे मीटरहून लांब, नऊ डबे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून सलग. आम्ही बॅगा पायाशी धरून बसलो, आई खिडकीतून मागच्या अंगणांमधली वाळत घातलेले कपडे बघत होती, म्हणाली इथे पण दोरीवरच वाळत घालतात होय. टॅक्सीत ती मागच्या सीटवर दोन बॅगांच्या मध्ये डोळे मिटून बसली असती हे मला पक्कं माहीत आहे, कारण तिला गाडी लागते. चाळीसएक मिनिटांत फॅरिंग्डन.

इथे एक गोष्ट महत्त्वाची. ही प्लॅटफॉर्म इतकी लांब आहेत की एका टोकानं बाहेर पडलात तर एका भागात आणि दुसऱ्या टोकानं पडलात तर चक्क पुढच्या जुन्या स्टेशनाजवळ निघता. फॅरिंग्डनचं एक टोक बार्बिकनला निघतं, लिव्हरपूल स्ट्रीटचं एक टोक मूरगेटला. म्हणजे हॉटेल कुठल्या टोकाला आहे हे आधी बघून त्याच टोकाच्या डब्यात बसायचं, नाहीतर प्लॅटफॉर्मवरच आईला पाव किलोमीटर चालवावं लागेल. आमच्या टोकाला जी लिफ्ट होती ती सरळ वर जात नाही, सरकत्या जिन्याच्या शेजारून तिरकी वर चढते. माझ्या लेकीनं तिच्यातून परत खाली जाऊन परत वर यायचा हट्ट केला आणि आई म्हणाली "जाऊ दे गं, मी पण येते".

ही सगळी सोय आपोआप झालेली नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. एलिझाबेथ लाइन 2022 मध्ये सुरू झाली, आज तिच्या सगळ्या 41 स्टेशनांवर पायऱ्यांशिवाय जाता येतं. पण सुरुवातीच्या योजनेत बाहेरच्या बाजूची सात जुनी स्टेशनं तशीच, लिफ्टशिवाय ठेवायचं ठरलं होतं. अपंग प्रवाशांच्या संघटनांनी त्यावर सतत आवाज उठवला, तेव्हा कुठे 2014 मध्ये त्या सात स्टेशनांसाठी वेगळे पैसे मंजूर झाले. माझी आई व्हीलचेअरवर नाही, पण अशा लोकांनी मागून घेतलेली सोय तिच्यासारख्यांनाही तितकीच लागते. बाळाची गाडी ढकलणारी बाई, बॅगा ओढणारा पाहुणा, गुडघे दुखणारी आजी, सगळ्यांना लागते ती एकच लिफ्ट.

आता टॅक्सी कधी घ्यायची तेही सांगते, कारण मी टॅक्सीच्या विरोधात नाही. विमान मध्यरात्री उतरत असेल तर घ्या. पिकॅडिली रात्रभर फक्त शुक्रवार-शनिवारी चालते, बाकीच्या रात्री नाही. चार मोठी माणसं असाल तर खर्चातला फरक बराच कमी होतो. हॉटेल आधीच घेतलंय आणि जवळच्या स्टेशनला लिफ्ट नाही, तर जिथे लिफ्ट आहे तिथपर्यंत ट्रेनने या आणि तिथून टॅक्सी करा, आठ-दहा पाउंडांत काम होतं. आणि बॅगा भरताना एकच गोष्ट पाळा, जेवढी माणसं तेवढ्याच चाकांच्या बॅगा, आणि प्रत्येकाचा एक हात मोकळा राहिला पाहिजे. दादासाठी नेलेल्या चकल्या, मेतकूट, गोडा मसाला सगळं दोन बॅगांत बसवलं, तिसरी मोठी बॅग आईला भरूच दिली नाही, त्यावरून घरी वाद झाला पण दिली नाही.

परत आल्यापासून मी आपल्याकडची स्टेशनं वेगळ्या नजरेनं बघते. इतकी वर्षं मुंबईच्या विमानतळावर उतरलं की ट्रेन हा शब्दच कोणी काढत नव्हतं, अंधेरी किंवा पार्ल्यापर्यंत रिक्षा आणि मग लोकलच्या गर्दीत बॅग घेऊन घुसायचं, ते कोण करणार. आता मेट्रो 3 झाली, ऑक्टोबर 2024 मध्ये आरे ते बीकेसी आणि ऑक्टोबर 2025 मध्ये थेट कफ परेडपर्यंत, साडेतेहेतीस किलोमीटर, दोन्ही टर्मिनलना स्वतःचं स्टेशन. ही फार मोठी गोष्ट आहे, मला मनापासून आनंद आहे. आमच्या पुण्यात मात्र मेट्रो रामवाडीपर्यंत आली आणि लोहगाव विमानतळ तिथून पुढे काही किलोमीटरवर राहिलं. ते शेवटचं अंतर जोडा, आणि जोडाल तेव्हा फुटपाथपासून लिफ्टच्या दारापर्यंत बॅगेची चाकं न उचलता जाता येईल असं जोडा, ही मागणी आपण आत्ताच केली पाहिजे, नकाशे कागदावर आहेत तोवर.

दिवाळीत दादा येतोय, मुंबईला टर्मिनल 2 वर सकाळी उतरेल. तो म्हणतो पुण्याची कॅब सांगून ठेव. मी म्हटलं नाही, मेट्रोनं सीएसएमटीला ये, दुपारभर फोर्टात फिरू, जेवू आणि संध्याकाळी 5:10 ची डेक्कन क्वीन पकडू. आईनं लगेच विचारलं, तिथे लिफ्ट कुठल्या गेटला आहे. मला सांगता आलं नाही, म्हणून पुढच्या शनिवारी मी तीच मोठी बॅग घेऊन मुंबईला जातेय, टर्मिनल 2 पासून सीएसएमटीच्या फलाटापर्यंत स्वतः ओढत नेऊन बघणार आहे. आई म्हणते मी पण येते.