चार संन्यासी, एक ओळंबा

पक्याचं म्हणणं असं, की चार माणसांनी मिळून अख्खं दगडी चर्च उभं केलं ही निव्वळ थाप आहे. मागून पैसे देऊन मजूर लावले असणार आणि फोटोपुरते झगे घातले असणार.

"थाप नाही रे," नाना म्हणाले. "इंग्लंडात डेव्हनमधला बकफास्ट मठ. बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचे संन्यासी. काम १९०७ ला सुरू झालं, मनोरा १९३७ मध्ये पुरा झाला. एका वेळी कामावर सहसा चार जण, सहाच्या वर कधीच नाही. त्यातला ब्रदर पीटर तेवढा रीतसर गवंडीकाम शिकलेला, त्यासाठी त्याला फ्रान्सला धाडलं होतं. बाकीचे हाताखाली शिकले."

"आणि पाया? तोही चौघांनीच खणला?"

"नाही, पायाला सगळा मठ राबला. जमिनीच्या पातळीपर्यंत काम आणलं सगळ्यांनी मिळून, तिथून वर हे मोजके. शिवाय आखणी नवी नव्हतीच. तिथला जुना मठ १५३९ मध्ये राजाने बंद पाडला, पुढे त्याची पडझड झाली. हे संन्यासी १८८२ मध्ये आले आणि त्यांना मातीखाली त्या मध्ययुगीन मठाचा पाया सापडला. चर्च बरंचसं त्याच रेषांवर उभं आहे."

इथे गवंडीकाम करणाऱ्या मिस्त्रींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. जुना पाया मिळाला म्हणजे लॉटरी लागली असं समजू नका, म्हणाले. त्याखालची जमीन शेकडो वर्षं दबून बसलेली असते, हे खरं. पण भिंतीचा अर्धा भाग जुन्या पायावर आणि अर्धा ताज्या खणलेल्या चरावर आला, की नवा भाग खचतो, जुना जागचा हलत नाही, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे खालपासून वरपर्यंत उभी भेग जाते. म्हणून आधी पूर्ण उघडा करून तपासायचा, कुजका भाग काढायचा आणि सगळीकडून एका पातळीला आणून मगच पहिला थर लावायचा. सगळा मठ तिथे लागला यात नवल नाही. पाया उकरायला हात लागतात, भिंत रचायला डोळा लागतो.

"बरं, पण चौघांनी दगड उचलले कसे?" पक्या हटेना.

हिशेब सोपा आहे, मिस्त्री म्हणाले. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच चुनखडीचा दगड साधारण १४० किलो भरतो. दोघांनी जमिनीवर सरकवता येतो, परांचीवर चढवता येत नाही. त्याला कप्पी-दोरखंड आणि हाताने फिरवायचा रहाट हवा. खरी कसरत पुढे. माल, म्हणजे दगड सांधायचा चुना-वाळूसारखा लगदा, पसरून झाल्यावर दगड अलगद, सपाट टेकवायचा. एका कोपऱ्यावर आपटला तर दर्जेतला, म्हणजे दोन दगडांमधल्या फटीतला, माल एका बाजूने बाहेर येतो, दुसरीकडे पोकळी राहते, आणि पुढे वरचं सगळं वजन त्या एका कोपऱ्यावर येऊन दगड चिरतो.

मग गाडी दगडावर आली. भिंतीचं अंग तिथल्या निळसर करड्या चुनखडीचं, आणि कोपरे, खिडक्यांच्या चौकटी इंग्लंडातल्याच हॅम हिलच्या पिवळसर दगडाच्या. "दिसायला छान म्हणून," पक्या म्हणाला. मिस्त्री हसले. हॅम हिलचा दगड टाकीखाली, म्हणजे छिन्नीखाली, निमूट उतरतो, नक्षी आणि गलथे (कडेच्या गोलाईच्या पट्ट्या) त्यात निघतात. करड्या दगडात तेच काम करायचं तर टाकीला दिवसभर धार लावत बसा.

"आणि एक गोष्ट आपल्याकडच्या गवंड्याला पटकन सुचणार नाही," मिस्त्री म्हणाले. "आपला काळा पाषाण लाव्ह्याचा. त्याला थर नाहीत, कसाही फिरवून बसवा. चुनखडी थराथराने साचलेली असते. खाणीत जशी आडवी होती तशीच भिंतीत आडवी बसवायची. थर उभे करून दर्शनी बाजूला आणले, तर पाणी आत शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि दगडाचे पोपडे सुटतात. कमानीत मात्र हिशेब बदलतो, तिथे थर दाबाला काटकोनात ठेवायचे. म्हणून खाणीतून निघतानाच प्रत्येक दगडावर वरची बाजू खूण करून ठेवतात."

पक्याने डाव टाकला, "म्हणजे चाळीस गवंडी लावले असते तर तीन वर्षांत संपलं असतं. चार गुणिले तीस, एकशेवीस. सरळ त्रैराशिक!"

"माल चुन्याचा असेल तर तुझं त्रैराशिक तिथेच मरतं," नाना म्हणाले. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो, तोही बाहेरून आत, महिन्याला काही मिलिमीटर. एक वाटा चुना, तीन वाटे वाळू, आणि वर धीर. आठवडाभरात आठ-दहा फूट चढवलं, तर खालच्या दर्जा दबून माल बाहेर येतो आणि भिंत पोट काढते. पारा ५ अंशांखाली गेला की काम बंद, वर गोणपाट. अशा कामाला चार माणसं आणि मोकळा काळ हे जोडपं उत्तम. चाळीस माणसं तिथे नुसती बिडी ओढत बसली असती.

पहिल्या महायुद्धातही काम थांबलं नाही. काही संन्यासी जर्मन, म्हणजे शत्रुराष्ट्राचे होते. त्यांना छावणीत डांबलं नाही, पण मठाच्या आवाराबाहेर पडायचं नाही ही अट होती. "झालं, म्हणजे बंदिवान मजूर!" पक्या खूश. नाना काही बोलले नाहीत. मग त्यांनी दुसराच धागा काढला. १९१० मध्ये जर्मनीहून अकरा वर्षांचा एक मुलगा आला होता, त्याला बांधकामावर घातलं. जड काम झेपेना, म्हणून १९१५ मध्ये मधमाश्यांकडे पाठवला. तोच ब्रदर ॲडम, ज्याच्या बकफास्ट मधमाशीचं नाव जगभरचे मधपाळ घेतात.

परांचीच्या विषयावर मात्र मिस्त्री चिडले. लाकडी वासे, दोरखंडाच्या गाठी, कमरेला दोर नाही की डोक्याला टोपी नाही. एक जण ५० फुटांवरून पडला आणि वाचला. १९३१ मध्ये तिघे वर चढवायच्या पाळण्यावरून पडले, त्यांनाही फारसं लागलं नाही. "देवाची कृपा म्हणा, पण दोर ओला झाला की आखडतो, ऊन लागलं की सैल पडतो. पावसानंतर उघडीप झाली की प्रत्येक गाठीत पाचर ठोकून घ्यायची. ते राहिलं की माणूस खाली."

"आजकाल अमेरिकेत वायोमिंग राज्यातले कार्मेलाइट या ख्रिस्ती पंथाचे संन्यासी कॉम्प्युटरच्या यंत्राने दगड कापून मठ बांधतायत," पक्या म्हणाला. "पोटापाण्याला कॉफी भाजून विकतात. ते हाताने बांधलेलं म्हणायचं का?"

नानांच्या मते नाही. मिस्त्रींच्या मते बेलाशक हो: यंत्र घडाई करतं, बसवत नाही. आणि दगड टेबलावर चुकीच्या बाजूवर ठेवला तर यंत्र उभे थरही तितक्याच सफाईने कापतं. हे भांडण मिटलं नाही.

शेवटी पक्याने विचारलं, मनोरा १९३७ मध्ये झाला तर दर्जा भरायला १९३८ चा डिसेंबर का उजाडला?

"कारण दर्जा वरून खाली भरत येतात," मिस्त्री म्हणाले. "वासे रोवलेली भोकं बुजवायची, दर्जा खरवडून भिजवायच्या, भरायच्या, मग परांचीचा तेवढाच टप्पा सोडायचा. एकदा परांची खाली आली की वरची राहिलेली दर्जा पुन्हा हाताला लागत नाही."