ईज मोबाईलवर नाही पडत, मामा

मागच्या शुक्रवारी दुपारी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आभाळ भरून आलं तेव्हा मी मामांना चार वेळा फोन लावला. चारही वेळा स्विच ऑफ. मामा पासष्टीचे, वावर गावापासून दीड-दोन किलोमीटर, आणि दिवस पेरणीचे. म्हणजे माणूस बैलजोडीसोबत उघड्यावर असणार हे नक्की. संध्याकाळी मामींच्या फोनवर सापडले. ओलेचिंब, पण धडधाकट. फोन काहून बंद होता विचारलं, तर म्हणाले, "अबे, तो नवा टॉवर मोबाईलवर ईज ओढते म्हनते. तुह्या मामीले मेसेज आला. मंग बंद केला अन् कडुलिंबाखाली बसलो, बैलायसंगं."

फोन बंद आणि मुक्काम झाडाखाली! विजेच्या दिवसांत माणूस मारायचाच असेल तर याहून चांगला सल्ला सापडणार नाही.

तो मेसेज मी मागवून घेतला. तो म्हणतो: गावात फाइव्ह जी टॉवर आल्यापासून वीज मोबाईलवर पडते, म्हणून वावरात फोन बंद ठेवा आणि विजेच्या सूचना देणारं अ‍ॅप काढून टाका. टॉवरच्या लहरींनी ढग पांगतात. चिमण्या आणि मधमाश्या मरतात. कॅन्सर होतो. म्हणून ग्रामसभेत टॉवर हटवायचा ठराव घ्या. शेवटी जोडलेले हात. मामींनी तो भजनी मंडळाच्या ग्रुपवरही टाकून दिला होता.

आधी विजेचं, कारण बाकीच्या थापांनी कोणी लगेच मरत नाही.

ढगातून खाली येणारी वीज कुठं टेकायचं ते शेवटच्या शंभरेक मीटरांत ठरतं, आणि तिथं प्रश्न उंचीचा असतो. मोकळ्या वावरात सगळ्यात उंच कोण? एकटं झाड. नाही तर उभा माणूस. तुमच्या खिशात कोणत्या कंपनीचं कार्ड आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. फोन लहरी सोडतो हे खरं, पण किती? आताचा फोन जास्तीत जास्त साधारण ०.२ वॅटने बोलतो. मामांचा जुना बटणांचा टू जी फोन भरात आला की २ वॅटपर्यंत जायचा, म्हणजे दहापट. लहरींनी वीज ओढली जात असती तर मामा त्या फोनसोबत वीस वर्षं वखरणी-डवरणी करत जगले कसे?

आता एक अर्धसत्य, नाइलाजाने. ही अफवा अगदी हवेतून आलेली नाही. २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लंडनच्या काही डॉक्टरांचं पत्र छापून आलं होतं. बागेत फोनवर बोलणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या मुलीवर वीज पडली, तिच्या कानाचा पडदा फाटला. फोन कातडीला लागून असेल तर इजा जास्त आत जाऊ शकते, असं त्यांचं म्हणणं. फोनने वीज बोलावली असं नव्हे. आणि २००६ मध्ये आपल्याकडे थ्री जीसुद्धा आलं नव्हतं, फाइव्ह जी तर २०२२ च्या १ ऑक्टोबरला सुरू झालं. तेव्हा कडाडत असताना उघड्यावर फोन कानाला लावून उभं राहू नका, एवढं मान्य. टॉवर उंच असल्याने त्याच्यावर वीज पडते हेही मान्य. त्यासाठीच त्याला वर तडितरक्षक आणि खाली अर्थिंग असतं. त्याच्या बुडाशी बसू नका, संपलं.

पण अ‍ॅप काढून टाका? दामिनी नावाचं हे अ‍ॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं आहे. देशभर बसवलेले ८० हून जास्त सेन्सर विजा पकडतात आणि तुमच्याभोवतीच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये विजा होत असतील तर फोन तुम्हाला सांगतो. मामांच्या फोनवर मीच टाकून दिलं होतं. औत सोडून पक्क्या घरापर्यंत पोचायला त्यांना पंचवीस मिनिटं लागतात, आणि ती पंचवीस मिनिटं मिळावीत एवढाच त्याचा उपयोग. २०२३ च्या जुलैत सगळ्यांचे फोन अचानक भोंग्यासारखे वाजले होते, आठवतं? घाबरून कित्येकांनी फोन बंद केले. ती सरकारी चाचणी होती. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम इशारा देतो, त्यासाठी कोणाचा फोन नंबर माहीत असावा लागत नाही. हे सगळं टॉवर असेल आणि फोन चालू असेल तरच. घर गाठता आलंच नाही तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून दूर, पाय जवळ घेऊन उकिडवं बसायचं. आडवं व्हायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत वावरात उतरायचं नाही.

ढग पांगतात म्हणे. अहो, फाइव्ह जी पहिल्या झटक्यात ज्या मोजक्या शहरांत आलं त्यात आपलं नागपूर होतं. मग २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून, नागनदी घराघरांत शिरली ती कोणत्या पांगलेल्या ढगांनी? आणि त्याच नागपुरातलं हवामान खात्याचं डॉप्लर रडार ढग पाहण्यासाठी कित्येक लाख वॅटचे झटके त्यांच्यावरच सोडतं. ढग जागचे हलत नाहीत.

चिमण्या: नेदरलँड्सच्या हेग शहरात २०१८ च्या शेवटी शेकडो मैना मेल्या त्या फाइव्ह जीने, अशी बोंब झाली होती. तिथली फाइव्ह जीची चाचणी तर आधीच जूनमध्ये होऊन गेली होती. मधमाश्यांचं विचारायचं तर टॉवरकडे नको, फवारणीच्या पंपाकडे बघा. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. तेव्हा टॉवर हटवा म्हणणारा एकही मेसेज आला नव्हता.

कॅन्सरचं मामींच्या मनात घट्ट बसलंय, कारण त्यांची बहीण त्यानेच गेली. म्हणून जरा सबुरीने. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या लहरींना 'कदाचित कॅन्सरकारक' गटात टाकलं, हे खरं. त्या गटात आशियाई पद्धतीचं भाज्यांचं लोणचंही आहे. त्यानंतर २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेला आढावा आला. १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास तपासून त्यात मोबाईल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. दहा-दहा वर्षं फोन वापरणाऱ्यांतही नाही. माझा सगळा भार याच आढाव्यावर आहे. गंमत अशी की टॉवर जितका लांब, तितका कानाजवळचा फोन जास्त जोर लावतो. ठराव करून टॉवर हटवलात तर मामींच्या कानाशी लहरी वाढतीलच.

ठरावाचं म्हणाल तर खुशाल घ्या. मग ई-पीक पाहणीचे फोटो चढवायला टेकडीवर जा, आत्ताही लाइट गेली की टॉवर झोपतो आणि तीच पाळी येते. तक्रार करायचीच तर त्याची करा, मी सही देतो.

मामांच्या फोनवर दामिनी परत टाकलंय. काल फोन लागला. "इकडं चमकून राह्यलं, बैल सोडले, घराकडं निघालो." अ‍ॅप वाजलं का विचारलं.

"अ‍ॅप कायचं बे, कान आहेत ना मले," म्हणाले. पण फोन चालू होता.