मांजराच्या ल्युकेमियाचा तो मेसेज आणि त्यातली सगळी गंमत

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मांजरांत ल्युकेमियाचा व्हायरस आलाय, त्यानं पोरांना ब्लड कॅन्सर होतो, टेस्ट पॉझिटिव्ह आली की मांजर लांब सोडून या, ट्रायकॅट लस दिली असेल तर काळजी नाही, नाहीतर हळद-दूध पाजा. एका मेसेजात इतकं खोटं बसवणाऱ्याला मानलं पाहिजे.

माणसाला हा होत नाही, कुत्र्यालाही नाही. १९६४ साली ग्लासगोत हा व्हायरस सापडला, तेव्हापासून लोक मांजरं कुशीत घेऊन झोपायलेत आणि माणसाला यातनं कॅन्सर झाल्याचा पुरावा नाही. विषय संपला.

आता टेस्ट, कारण खरा घोळ इथंच आहे. क्लिनिकमधलं किट रक्ताच्या थेंबांत व्हायरसचं पी-२७ नावाचं प्रोटीन शोधतं, थोड्या वेळात रेघ उमटते, आणि रेघ दिसली की लोक रडायलाच बसतात. अहो थांबा की! फॉल्स पॉझिटिव्ह येतात, त्यात मांजर घरातच राहणारं आणि धडधाकट असेल तर जास्तच शंका घ्यायची. शिवाय काही मांजरांचं शरीर व्हायरसला दाबून टाकतं, मग आज पॉझिटिव्ह आलेलं काही आठवड्यांनी निगेटिव्ह येतं, व्हायरस पेशींच्या डीएनएत गपचूप पडून असतो आणि तो पीसीआर, म्हणजे डीएनए शोधणारी लॅबची टेस्ट, केली तरच सापडतो. उलटंही होतं, परवा बाधित बोक्यानं चावलं आणि आज टेस्ट निगेटिव्ह, तर त्यावर निर्धास्त होऊ नका, रक्तात दिसायला महिनाभर जाऊ शकतो. म्हणून निकाल कुठलाही असो, डॉक्टरांना विचारून पुन्हा टेस्ट करा, पॉझिटिव्ह असेल तर लॅबकडनं पक्की करून घ्या.

आणि सोडून यायचं म्हणजे कुठं, मार्केट यार्डात की कृष्णेच्या घाटावर? हा पसरतो लाळेतनं, एकमेकांना चाटून, एका वाटीत खाऊन, चावून, आईकडनं पिल्लांना. म्हणजे बाधित मांजर मोकळं सोडलं की तिथल्या सगळ्या मांजरांत रोग वाटून आलात तुम्ही. घरातच ठेवा, बाकीच्या मांजरांपासून वेगळं, वाटी वेगळी, नसबंदी करून टाका. अंगाबाहेर व्हायरस काही तासांच्या वर फारसा टिकत नाही, साबणानं धुतलं तरी मरतो.

ट्रायकॅट तीन रोगांवर आहे, पॅनल्युकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी. नावं सारखी वाटतात म्हणून घोळ होतो, पण पॅनल्युकोपेनियाचा व्हायरस वेगळाच. ल्युकेमियाची लस वेगळी असते, ती घेतल्यानं टेस्ट पॉझिटिव्ह येत नाही, आणि आधीच बाधित असलेल्या मांजराला तिचा उपयोग नाही.

राहिली हळद. आपलं गाव हळदीचं म्हणून सगळ्यावर हळदच का! व्हायरस काढून टाकणारं औषध अजून नाही, पण रक्त कमी होणं, तोंड येणं, बारीकसारीक इन्फेक्शन यावर उपचार होतात आणि काही मांजरं वर्षानुवर्षं बरी राहतात. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नका, मांजराला ती विष आहे.